इंजिनामागचा दहा नंबरचा बोल्ट

मोटारीच्या इंजिनात काही जागा अशा असतात, की गाडी रस्त्यावर आल्यापासून भंगारात जाईपर्यंत तिथं कुणाची नजर पोचत नाही. हात पोचतो, पण तोही सगळ्यांचा नाही. माझा पोचायचा. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या आतल्या अंगाला माझं गॅरेज होतं. तिथं मी ब्रेकपासून क्लचपर्यंत सगळी कामं केली, पण गावातले मेकॅनिक मला ओळखायचे ते या एका कामासाठी. त्यांचे फोन यायचे, "काका, जरा हात घेऊन या." हत्यारं घेऊन या, असं कुणी म्हणत नसे. हत्यारं सगळ्यांकडंच असतात.

माझं मनगट बारीक आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी ते बघून विचारलं होतं, "पावणं, तुमी मोटारी दुरुस्त करताय का बायकास्नी बांगड्या भरताय?" मंडळी पोट धरून हसली. पण याच मनगटावर पुढं त्यांच्या लेकीचा संसार चालला, हे त्यांना मी अधूनमधून ऐकवत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेकॅनिकचं काम म्हणजे नट-बोल्ट सोडवणं आणि आवळणं. ते कुणीही करतं. खरी मारामारी असते ती बोल्टपर्यंत पोचायची. गाडी बनवणारे इंजिन आधी मोकळ्यावर जुळवतात आणि मग ते अख्खंच्या अख्खं गाडीत उतरवतात. जुळवताना सगळं उघडं असतं, त्यामुळं बोल्ट कुठं बसतोय याचं त्यांना काही वाटत नाही. आमच्याकडं गाडी येते तेव्हा त्याच बोल्टसमोर पत्र्याची भिंत असते, वर पाइपांचं जंजाळ, खाली गिअरबॉक्स आणि बाजूला भाजणारा सायलेन्सरचा पाइप. त्यातून आत जायला वाट असते, मांजराला असते तेवढी.

असल्या जागेतला सगळ्यात खट्याळ बोल्ट म्हणजे क्रँक सेन्सरचा. हा सेन्सर अंगठ्याएवढा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेले असतात, तिथं मागच्या बाजूला तो बसलेला असतो. इंजिन किती फिरतंय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो. त्यानं सांगायचं थांबवलं की कॉम्प्युटर समजतो, इंजिन फिरतच नाही, आणि डिझेल बंद करतो. धावती गाडी गपकन गार होते. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही. हा सेन्सर जुना झाला की तापल्यावर मुका होतो आणि निवल्यावर परत बोलायला लागतो. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं तेव्हा गाडी ठणठणीत असते आणि गिऱ्हाइकालाच वेड लागायची वेळ आलेली असते. सेन्सर धरून ठेवणारा बोल्ट एकच, दहा नंबरचा. एका बोल्टसाठी मी भल्याभल्यांना इंजिन खाली उतरवताना पाहिलं आहे.

हे काम आम्हाला मल्लेशम उस्तादांनी शिकवलं. ते विणकर घरातले, घरात तेलुगू बोलणारे. माग सोडून ते मोटारींकडं कसे वळले कुणास ठाऊक, पण मागावरची बोटं त्यांनी बरोबर आणली होती. त्यांचा पहिला नियम असा, की हात आत असताना बघायचं नाही. आपण बोनेटमध्ये डोकं घालायला गेलो की ते मागून टपली मारायचे, "चूडकु रा!" म्हणजे बघू नकोस रे. दिसत तर काही नाहीच, मग डोळे उगाच लुडबूड करतात आणि बोटांना धड काम करू देत नाहीत. म्हणून हात इंजिनात आणि नजर बाहेर, झाडावर नाहीतर भिंतीवर. आणि तोंड बंद. गिऱ्हाइकांना वाटायचं, आम्ही प्रार्थना करतोय.

दुसरी गोष्ट दोऱ्याची. गॅरेजमध्ये हात पुसायला आम्ही सुताचा चोथा वापरतो. सोलापुरात तो टॉवेलच्या कारखान्यांतून येतो, रंगीबेरंगी. उस्ताद त्यातला एक धागा ओढून काढायचे आणि बोल्टच्या मानेला बांधायचे. आत नेताना बोल्ट निसटला तर इंजिनाच्या पोटात हरवू नये, धागा ओढून परत मिळावा, म्हणून. बोल्टचे आटे धरले की धागा झटक्यानं तोडायचा. गाठ मात्र मागावरची, तुटलेला धागा सांधायची. ती एका हाताच्या बोटांनी मारता येते. तिला दोन बारीक कान असतात आणि ती ओढली तर आणखी घट्ट होते. मोटारीच्या बोल्टला ही गाठ मारणारी माणसं माझ्या माहितीत तीनच. उस्ताद, मी आणि माझ्याबरोबर शिकलेला बिरा.

बिराबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या हाताबद्दल सांगायला हवं. तो मंगळवेढ्याच्या पलीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मेंढीच्या पोटात कोकरू अडलं तर आत हात घालून, पाय चाचपून, कोकरू वळवून बाहेर काढायचं काम तो लहानपणापासून करत होता. त्यामुळं न बघता काम करायचं त्याला शिकवावं लागलं नाही. उस्ताद त्याला एकाच गोष्टीसाठी शिव्या द्यायचे. बिरा गाठ मारल्यावर धाग्याचं टोक लांब सोडायचा. "एवढी शेपटी कशाला?" उस्ताद विचारायचे. बिरा म्हणायचा, "मागनं येणाऱ्याला धरायला ऱ्हाऊ दे की."

उस्ताद गेल्यावर बिरानं मंगळवेढ्यात गॅरेज काढलं, मी सोलापुरात राहिलो. भेटी लग्नाकार्यापुरत्या राहिल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता थोडं बोटांबद्दल. वर्षानुवर्षं अंधारात हात घातला की बोटांना काय काय सापडतं. उंदराची घरटी, सापाची कात, कुणीतरी बांधलेली काळी बाहुली. एकदा एका मास्तरांच्या गाडीत सेन्सरच्या मागच्या खोबणीतून मी एक बारीक, गुळगुळीत वस्तू काढली. लहान मुलाचा दुधाचा दात होता. पोरं दात उंदराच्या बिळात टाकतात, तिथून उंदरानं आणला असणार. मी हसत मास्तरांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "घ्या, नातवाचा का मुलाचा?" मास्तरांनी तो चिमटीत धरून उजेडाकडं नेला. मग म्हणाले, "आमच्या घरात मूल नाही. होतं." त्यांनी तो दात रुमालात बांधला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. ते परत माझ्याकडं गाडी घेऊन आले नाहीत. तेव्हापासून आत काही सापडलं तर मी हसणं सोडलं.

आणि आणखी एक. कामाची गॅरंटी मी कधीच दिली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "परत असं होणार नाही ना?" मी म्हणायचो, "आज झालंय ते नीट केलं. उद्याचं मला माहीत नाही." यावरून माझी पुष्कळ भांडणं झाली. पण जे काम मी स्वतः डोळ्यांनी बघितलेलं नाही त्याची ग्वाही कशी द्यायची?

गॅरेज बंद करायच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. सकाळी एक पांढरी गाडी दारात उभी राहिली आणि तिच्यातून बिराचा मुलगा समाधान उतरला. तो श्रीपूरकडं साखर कारखान्यात नोकरीला आहे. मागच्या सीटवर त्याची आई, पार्वती वहिनी बसल्या होत्या. बिरा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्याच्या दिवसांना मी जाऊन आलो होतो, त्यामुळं गाडी ओळखली. बिराचीच गाडी. याच गाडीत तो गेला.

समाधाननं मला बाजूला घेतलं. "काका, गाडी बंद पडतीया."

"कुठं?"

त्यानं मागच्या सीटवरल्या आईकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "तितंच. जितं आण्णा गेलं."

सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना भीमेवरचा पूल ओलांडला की पुढं थोडा चढ आहे. दोन्ही अंगांना काळी रानं, त्यांत ज्वारी. घर नाही, टपरी नाही, एक वाकडी बाभूळ तेवढी आहे. त्या बाभळीपाशी बिरानं वर्षापूर्वी गाडी बाजूला घेतली होती. आणि आता सोलापूरहून परतताना गाडी त्याच बाभळीपाशी आपोआप बंद पडत होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. परवा मागून उसाची ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाल्यानं कशीबशी वळवली म्हणून सगळे वाचले. गाडीत समाधानची बायको होती, मांडीवर लहान मुलगी होती. आता त्याची बायको गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. गावातली माणसं गाडी विकून टाका म्हणत होती.

"बंद पडते तेव्हा समोरचे दिवे?" मी विचारलं.

"समदे लाल दिवे पेटत्यात. चावी चालूवरच आसती."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला समजावलं. कुणी चावी फिरवून इंजिन बंद केलं तर समोरचे दिवे पेटत नाहीत, सगळं अंधारं होतं. चावी चालूवर असताना, दिवे पेटून इंजिन बंद पडलं तर तो सेन्सरचा आजार. दुपारचं ऊन, सोलापूरपासून तेवढं अंतर, वर चढ. तिथं येईपर्यंत सेन्सर पुरता तापतो आणि मुका होतो. सकाळी गारव्यात येताना त्रास होत नाही, तोही याचमुळं.

समाधाननं मान हलवली. "दोन गॅरेजवालं बी ह्येच म्हणलं. पर बोल्ट निगना, इंजिन उतरवाय लागंल म्हणलं. मग आई म्हणली, तुमच्याकडं जाऊ." आणि जाता जाता सहज बोलल्यासारखा म्हणाला, "काका, मागल्या येळंला आमी मदीच चहाला थांबलोतो. बोनेट उगडून अर्धा तास निवू दिली. तरी तितंच बंद पडली."

मी त्याच्याकडून चावी घेतली.

त्याची दुपारची पाळी होती. गाडी झाली की मी आईला घेऊन मंगळवेढ्याला सोडावं, येताना एसटीनं यावं, असं त्यानं विनवून सांगितलं. "त्या जागंवर माज्यानं स्टिअरिंग धरवत न्हाय, काका." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो रिक्षानं स्टँडकडं गेला.

मी बोनेट उघडलं. वहिनी खाली उतरून स्टुलावर बसल्या. हातात पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी तसाच मांडीवर धरून ठेवला.

"भाऊजी, खरंच काडायचं का ते?"

"काय, वहिनी?"

"ते गाडी थांबवतंय ते."

मी सेन्सरचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मेकॅनिकच्या बायकोला निम्मं तर आधीच माहीत होतं. "व्हय, गरम हुतंय म्हणून बंद पडतंय. पर तितंच का गरम हुतंय?"

"तिथं चढ आहे."

"चढ काय आत्ता आला व्हय तितं?"

मी पाने पुसत राहिलो. मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी सोलापूरहून परतताना बिरा गप्प होता. बाभळीपाशी त्यानं गाडी सावकाश बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला. चावी फिरवून इंजिन बंद केलं. एवढं सगळं नीट केलं, म्हणजे शेजारी बायको बसली आहे हे त्याच्या ध्यानात होतं. मग तो त्यांच्याकडं वळला.

"म्हणलं, 'पारू, तुला येक सांगायचं ऱ्हायलंय.' येवडंच. पुडं न्हाय. मी म्हणती, सांगा की. सांगा की. बगती तर मान पडल्याली."

गॅरेजच्या बाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. मला तो लांबून आल्यासारखा ऐकू येत होता.

"तवापस्नं गाडी तितं थांबली की मी कान देऊन बसती," वहिनी म्हणाल्या. "समाधान चिडतो. सूनबाई भेती. त्यांचं बी खरं हाय. पर भाऊजी, थांबवणारा काय तरी सांगायलाच थांबवत आसंल की. आजून आईकू न्हाय आलं. येल की. तुमी ते काडलं, तर मग कदी?"

या बाईला एक अर्धं वाक्य पुरं ऐकायचं होतं, आणि ते तोडायला मी हातात दहा नंबरचं सॉकेट घेऊन उभा होतो. मी म्हणालो, "वहिनी, मागून ट्रॉल्या येतात. नात आहे गाडीत." त्यांनी तांब्या तसाच स्टुलाखाली ठेवला.

"काडा मग," त्या म्हणाल्या. "पर हळू काडा."

मी बाही वर केली. कोपरापर्यंत तेल चोळलं. पत्र्यावर छाती टेकली, डावा हात आत सोडला आणि नजर समोरच्या कडुनिंबावर लावली. पाइपाखालून, वायरींच्या मागून, भिंतीला हाताची पाठ घासत बोटं खाली गेली. सेन्सर लागला. त्याच्या खाली बोल्टचं डोकं लागलं. आणि बोल्टच्या मानेला काहीतरी मऊ लागलं.

धागा होता. तेलात मुरलेला. मी बोट फिरवलं, तर गाठ लागली. गाठीला दोन कान. आणि पुढं टोक, लांबच लांब सोडलेलं.

समजायला काही अवघड नव्हतं. बिरानं कधीतरी हा सेन्सर स्वतः बदलला होता, स्वतःच्या पद्धतीनं. पण डोकं समजलं तरी हात समजत नव्हता. त्या अंधाऱ्या खोबणीत माझी बोटं जिथं होती बरोबर तिथंच त्याची बोटं होऊन गेली होती, आणि मागून येणाऱ्यासाठी त्यानं धरायला शेपटी ठेवली होती. मागून मी आलो होतो. मला रडू आलं. हात आत असल्यामुळं डोळे पुसता येईनात.

बोल्ट थोडा थोडा करत सोडवला. सेन्सर काढला, नवा बसवला. बोल्ट बाहेर घेऊन पाहिला तर धागा पिवळा होता, टॉवेलच्या किनारीचा. तो तोडून टाकायचा आणि नवा बांधायचा, ही रीत. माझ्यानं तोडवेना. त्याच टोकाला मी माझा नवा धागा जोडला, त्याच गाठीनं. उस्तादांची गाठ मुळात त्याच कामाची, तुटलेलं सांधायची.

वहिनी लांबून बघत होत्या.

बोल्ट घेऊन हात पुन्हा आत गेला. भोक सापडेना. बोटं ओशाळल्यासारखी चाचपडत होती. आणि एकदम बोल्ट निसटला. मी धागा ओढला, तो रिकामा हातात आला. माझ्या नव्या धाग्याला मी मारलेली गाठ सुटली होती. ही गाठ सुटत नाही, ओढली तर घट्ट होते, हे मी वर सांगितलंच आहे.

बोल्ट पडला की मेकॅनिक हलत नाही. तो कान देतो. टण् करून आवाज कुठं होतो त्यावरून बोल्ट कुठं गेला ते कळतं. मी वाट बघितली. आवाज झालाच नाही. गाडीखाली आडवा झालो, बॅटरीचा उजेड मारला, चुंबक फिरवलं. फरशी कोरडी होती. गिअरबॉक्सच्या वरती, पाइपांच्या बेचक्यात, कुठंच नव्हता. शेवटी उठून पुन्हा हात आत घातला, निदान तो कुठं अडकलाय ते कळावं म्हणून.

बोल्ट भोकात होता. सरळ. दोन-तीन आटे आत गेलेला. त्याच्या मानेचा पिवळा धागा माझ्या बोटाला लागत होता.

मी नंतर स्वतःला समजावलं. बोटं कधी कधी आपल्याला न विचारता काम उरकतात. आमटीत मीठ टाकलं की नाही हे बाईला आठवत नाही, पण पडलेलं असतं. तसंच माझ्या बोटांनी बोल्ट लावला असणार आणि मला तो निसटल्यासारखा वाटला असणार. दुसरं काय असणार? मी तो आवळला, हात बाहेर काढला, आणि वहिनींकडं न बघता म्हणालो, "झालं."

इंजिन सुरू करून बराच वेळ तापू दिलं. गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं मशीन लावून बघितलं, सेन्सर छान बोलत होता. गावातून एक मोठी फेरी मारली. कुठं काही नाही. दुपारी आम्ही निघालो.

वहिनी पुढं, माझ्या डाव्या बाजूला बसल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली मांडीवर घेतले होते. एक उसाची ट्रॉली गाणी लावून चालली होती, तिला मागं टाकलं. मग भीमेचा पूल आला. पुढं ज्वारी हुरड्यात आली होती. माचाणावरचा माणूस पाखरं हाकायला ओरडत होता. चढ लागला. बाभूळ दिसायला लागली. मी तापमानाच्या काट्याकडं पाहिलं, काटा मध्यावर. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. खरं सांगतो, मला गाडी थांबायला नको होती, आणि वहिनींकडं बघून थांबावी असंही वाटत होतं.

पाखरं हाकणाऱ्याचा आवाज थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. त्याच वेळी इंजिनही थांबलं.

गाडी आपल्या वेगानं थोडी पुढं गेली. मी ती बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. माझ्या मनात पहिल्यांदा आली ती लाज. एवढ्या वर्षांचं नाव, आणि बिराच्या गाडीचंच काम फसलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण वहिनींनी हाताचा पंजा वर केला.

त्यांनी मान किंचित माझ्या बाजूला कलती केली होती. म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. नजर मात्र माझ्यावर नव्हती, बाहेर ज्वारीवर होती. हात आत असताना आम्ही बाहेर बघतो तशी. ज्वारीचं पातंही हलत नव्हतं. मला काही ऐकू आलं नाही. फक्त तापलेलं इंजिन निवताना टिकटिकतं, तेवढं. त्यांनी एकदा मान हलवली. परत एकदा हलवली. मग पदरानं डोळे पुसले आणि नीट सावरून बसल्या.

"चला भाऊजी," त्या म्हणाल्या. "झालं."

मी सवयीनं समोर पाहिलं, दिवे बघायला. एकही लाल दिवा पेटलेला नव्हता. सगळं अंधारं होतं.

मी स्टिअरिंगच्या उजवीकडं चावीकडं पाहिलं. चावी मागं फिरवलेली होती. बंदवर.

वहिनींचा हात तिथं पोचत नाही. मधे मी होतो. आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, असं मी सांगेन. पण ज्या हातांनी जन्मभर मला न दाखवता कामं केली, त्यांची साक्ष कितपत धरायची?

मी चावी पुढं फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. मागून तीच ट्रॉली गाणी वाजवत आली आणि पुढं निघून गेली. माचाणावरचा माणूस पुन्हा ओरडायला लागला.

त्यानंतर ती गाडी तिथं कधी थांबली नाही. समाधानची बायको आता मुलीला घेऊन गाडीत बसते. मी त्या उन्हाळ्यात गॅरेज बंद केलं. हल्ली मेकॅनिक बारीक कॅमेरा आत सोडतात आणि मोबाइलवर बघून बोल्ट काढतात. चांगलंच आहे. आत काय आहे ते दिसलेलं बरं.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. मंगळवेढ्यात घरापाशी वहिनी उतरल्या. दार उघडलं आणि परत वळून खिडकीपाशी आल्या. मगाशी त्यांनीही समोरचे दिवे पाहिले होते. वर्षानुवर्षं मेकॅनिकच्या शेजारी बसलेली बाई ती.

"भाऊजी, येक इचारू? खरं सांगा. चावी तुमी फिरवली का?"

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. वर्षभर त्या ज्याची वाट बघत होत्या ते त्यांना नुकतंच मिळालं होतं, आणि ते खरं की खोटं हे आता मी काय बोलतो त्यावर ठरणार होतं. मी माझ्या बोटांकडं पाहिलं. नखांत बिराच्या इंजिनाचं तेल होतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मी फिरवली नाही. गॅरंटी देतो."